विसार, आगाऊ आणि अनामत

तुळशीचे लग्न लागले की माणसांच्या लग्नांना वाट मोकळी होते. हा अंक वाचकांच्या हाती पडून डब्यातला शेवटचा शंकरपाळा संपेपर्यंत निम्म्या महाराष्ट्रातले वधूपिते, आणि हल्ली खर्च निम्मानिम्मा झाल्यामुळे वरपितेही, पंचांग बगलेत मारून मंगल कार्यालयांच्या पायऱ्या झिजवू लागलेले असतील. धोरणी मंडळींनी तर त्या गेल्या उन्हाळ्यातच झिजवून ठेवल्या आहेत. चांगल्या मुहूर्ताला चांगले कार्यालय मिळणे हे चांगले स्थळ मिळण्याइतकेच दुर्घट होऊन बसले आहे. काही घरांतून आधी कार्यालयाची मोकळी तारीख पाहतात आणि मग त्या दिवशी मुहूर्त आहे का, असे गुरुजींना विचारतात. गुरुजी समंजस असतात, मुहूर्त निघतो.

या सदरात आपण वर्षभर घरगुती व्यवहारातला एकेक शब्द घेऊन बसतो, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊकच आहे. दिवाळीला संपादक थोडी जागा सैल सोडतात. तेव्हा आज एक शब्द न घेता एक अख्खा कागद घेऊ. तो कागद म्हणजे मंगल कार्यालयाची पावती. लग्नघरात पत्रिकेचे शुद्धलेखन सात जण तपासतात. ‘आप्तेष्ट’ बरोबर की ‘आप्तेष्ठ’, यावर वाद होऊन मला रात्री दहा वाजता फोन येतात. परंतु ज्या कागदावर घरातले लाखभर रुपये अडकलेले असतात, तो कागद कोणी वाचत नाही. तो चौकोनी घडी करून कुंकवाच्या बोटाने कपाटात ठेवतात.

तो उलटून पाहावा. मागे बारीक टाइपात नियम असतात. मांडवात फटाके उडवू नयेत, भिंतींना खिळे ठोकू नयेत, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. आणि या साध्यासुध्या मंडळींच्या घोळक्यात एक वाक्य हळूच बसलेले असते : ‘एकदा भरलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.’

व्याकरणाच्या तासाला फळ्यावर लिहावे असे हे वाक्य आहे. यात कर्ता कोण? तर ‘रक्कम’. म्हणजे परत न येण्याचे सारे कर्तृत्व रकमेकडे. मालकांनी ‘मी परत देणार नाही’ असे लिहिले असते, तर निदान एक हाडामांसाचा माणूस पुढे उभा राहिला असता आणि त्याच्याशी दोन गोष्टी बोलता आल्या असत्या. इथे रुसलेल्या जावयासारखी रक्कमच घरी यायला तयार नाही. मालक बिचारे काय करणार! पुढे ‘कोणत्याही कारणास्तव’. यात मुलीकडच्यांनी लग्न मोडले हे कारण आले, घरात मृत्यू झाला हेही आले, आणि खुद्द कार्यालयाचे छप्पर वाऱ्याने उडाले हेही आले. व्याकरणदृष्ट्या या तिघांत काही फरक नाही. पण सगळ्यात मोठी मौज ‘एकदा भरलेली रक्कम’ या तीन शब्दांत आहे. कोणती रक्कम? कशासाठी भरलेली?

पावती फाडतानाचा संवाद आपण सर्वांनी ऐकलेला आहे.

“मग काका, तारीख धरू का?”

“धरा की. किती द्यायचे?”

“सध्या पन्नास हजार टोकन द्या. बाकीचं मागाहून.”

“ते भाड्यात वळते होतील ना?”

“होतील की. डिपॉझिट वेगळं बरं का.”

“आणि समजा, पुढेमागे काही झालंच तर...”

“अहो, शुभ बोला काका!”

काका ओशाळतात आणि सही करतात. ‘शुभ बोल नाऱ्या’ म्हटल्यावर मांडवाला आग लागल्याचे सांगणाऱ्या त्या नाऱ्याला आपण पिढ्यान् पिढ्या हसत आलो. पण मांडवाला खरोखरच आग लागली तर पैशांचे काय, हा प्रश्न त्याच्याशिवाय कोणी विचारलेला दिसत नाही. मंगल कार्याचे पैसे घेताना अमंगलाचे नाव काढायचे नाही, या आपल्या जुन्या संकोचावर ते पाठीमागचे वाक्य निवांत जगते आहे.

टोकन, ॲडव्हान्स, डिपॉझिट हे तीन शब्द कार्यालयाच्या टेबलावर एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. मराठीत यांना तीन स्वच्छ शब्द आहेत, आणि ते तीन वेगळ्या पैशांची नावे आहेत.

पहिला विसार, ज्याला कोणी इसारही म्हणतात. सौदा पक्का झाल्याची ती खूण. बैलबाजारात दर ठरला की गिऱ्हाईक थोडे पैसे धन्याच्या हातावर ठेवते, आणि मग तो बैल दुसऱ्याला विकायचा नाही. जुन्या मराठीत यालाच संचकार म्हणत. संस्कृत ‘सत्यंकार’ या शब्दाचे ते घरगुती रूप. सत्यंकार म्हणजे दिलेला शब्द खरा करणे. या शब्दाच्या मध्यावरच्या अनुस्वारासाठी पाणिनीने एक सूत्र खर्ची घातले आहे, इतका तो व्यवहारात रुळलेला असावा. याज्ञवल्क्य स्मृतीत या सत्यंकाराविषयी नियम आहे. देणारा फिरला तर त्याचा विसार बुडतो, हे तर उघडच आहे. पण विसार घेणारा फिरला तर त्याने तो दुप्पट परत करावा, असे स्मृतिकार सांगतात. आपल्या पावत्यांनी या न्यायाचा पूर्वार्ध तेवढा नीट सांभाळला आणि उत्तरार्ध कुठे सांडला कोण जाणे.

दुसरा शब्द आगाऊ. हा मुलांच्या बाबतीत आपण रागाने वापरतो, पैशांच्या बाबतीत प्रेमाने. आगाऊ रक्कम म्हणजे उद्याच्या भाड्याचा आज दिलेला हिस्सा. खूण म्हणून दिलेला पैसा निराळा आणि किंमत म्हणून दिलेला निराळा. जे काम अजून झालेलेच नाही, त्याची ही मजुरी आहे.

तिसरा अनामत. मूळ अरबी ‘अमानत’, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव. मराठीत येताना म आणि न यांनी जागा बदलल्या. भाषाशास्त्रात याला वर्णविपर्यय म्हणतात, तो फक्त अक्षरांचा होता; अर्थाचा विपर्यय पुढे कार्यालयांच्या टेबलांवर झाला. अनामत ही देणाऱ्याचीच असते. ताटे फुटली, नळ तुटला, तर तेवढे वजा करून बाकीची घरी पाठवायची. तिच्या नावातच विश्वास आहे.

आता हे तिन्ही पैसे एकाच पावतीवर, एकाच आकड्यात, ‘जमा’ या एकाच शब्दाखाली घेतले, आणि पाठीमागे ‘एकदा भरलेली रक्कम’ असे छापले, म्हणजे काय झाले? विसाराला जो नियम लागू होता तो आगाऊ रकमेला लागला, आणि वाद निघालाच तर अनामतीलाही लावून पाहता येतो. माझ्या मते कार्यालयाच्या दारातली निम्मी भांडणे ही पैशांची नसून नामाची आहेत. (‘नाम’ मी व्याकरणातल्या अर्थाने म्हणतो.)

हे असे का झाले, याचा दोष एकट्या मालकांवर टाकणे बरोबर होणार नाही. लग्ने वाड्यातल्या चौकात लागत होती, तेव्हा विसार द्यायचा तो आचाऱ्याला आणि वाजंत्रीवाल्याला. मग वाडे गेले, कार्यालये आली. पहिल्या पिढीचे कार्यालयवाले अर्ध्या गावाला नावाने ओळखत. त्यांच्याजवळ एक जाडजूड डायरी आणि एक लोखंडी पेटी असे. कोणी तारीख विचारून गेला की डायरीत नाव पेन्सिलीने लिहायचे, पैसे आले की शाईने. पेन्सिल म्हणजे विचार, शाई म्हणजे वचन, असा तो साधा हिशेब होता. लग्न मोडलेच तर मालक स्वतः म्हणत, “काका, पुढच्या वर्षी धाकटीचं आमच्याकडेच करा, तेव्हा वळते करून घेऊ.” तिथे पाठीमागच्या वाक्याची गरज पडत नसे. मालक हाच नियम होता.

पुढे कार्यालये वाढली. एका दालनाची दोन झाली, पंखे जाऊन वातानुकूलन आले, मागच्या मोकळ्या जागेत हिरवळ अंथरून तिचे ‘लॉन’ झाले. आमच्या पुण्यात म्हात्रे पूल ते राजाराम पूल या रस्त्यावर मुहूर्ताच्या संध्याकाळी एकदा जाऊन पाहावे, म्हणजे हा धंदा किती पसरला ते दिव्यांच्या माळांवरून कळते. लग्नाबरोबर मुंजी, साखरपुडे, डोहाळजेवणे, साठीशांती, कंपन्यांची स्नेहसंमेलने आली. डायरी एकाची राहिली नाही. चार व्यवस्थापक, दोन मोबाईल, आणि प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी तारीख. एकाने पेन्सिलीने धरलेल्या तारखेवर दुसऱ्याने शाई ओतायची आणि एकाच संध्याकाळी दोन नवरदेव दारात उभे राहायचे, हा प्रसंग नाटकात शोभतो. प्रत्यक्षात दोन घरांचे डोळे पाण्याने भरतात. धंदा चौपट वाढला. पैशांची पेटी मात्र ती जुनीच, एकच, राहिली.

त्या पेटीचा हिशेब जरा मांडून पाहू. समजा, एखाद्या कार्यालयाकडे पुढच्या मोसमाच्या ६० तारखा ठरल्या आहेत आणि प्रत्येक घराने सरासरी ८०,००० रुपये भरले आहेत. पेटीत ४८ लाख आले. मालक भला माणूस आहे, व्यसन नाही, उधळपट्टी नाही. तो विचार करतो, पैसे पडून आहेत, मागच्या बाजूला दुसरे लॉन करून घेऊ. ३५ लाख त्यात गेले. पेटीत १३ उरले. सगळे ठरल्यासारखे झाले तर कोणाला काही कळतही नाही. पुढच्या वर्षीचे विसार येतात आणि खड्डा बुजतो. पण समजा, एकाच वेळी २५ घरांनी पैसे परत मागितले. २० लाख द्यायचे आहेत आणि १३ आहेत. माणूस लबाड नसतानाही देणेकरी झाला. हिशेबनीस मंडळी गिऱ्हाइकाकडून आलेली आगाऊ रक्कम उत्पन्नात धरत नाहीत, देण्यांच्या बाजूला लिहितात, ते काही उगीच नव्हे.

एकाच वेळी पंचवीस घरे कशाला मागतील, असे २०१९ च्या दिवाळीला कोणीही म्हटले असते. २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. माझ्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्यांच्या मुलीचे लग्न २६ एप्रिलला, अक्षय्यतृतीयेला होते. त्यांनी १,२०,००० रुपये भरलेले होते. टाळेबंदी वाढत गेली. मे महिन्यात लग्नाला परवानगी मिळाली ती ५० माणसांची, आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये तर आपल्या राज्यात २५ माणसे आणि दोन तास एवढ्यावर येऊन ठेपली. सहाशे माणसांचे दालन घेऊन करायचे काय? मुलीने आणि जावयाने डिसेंबरात इमारतीच्या गच्चीवर चाळीस माणसांत लग्न उरकले. छान झाले लग्न. आता कार्यालयाची पुढची तारीख घेऊन त्या घरात लावायला दुसरे कोणी उरले नव्हते. ती एकुलती एक. सहकाऱ्यांनी पैसे मागितले. त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिले होते आणि पत्नीच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरत होती. मागायला लाजावे अशी ती रक्कम नव्हती.

पावतीच्या पाठीमागे ते वाक्य होतेच. पण कार्यालयाचे मालक वाक्यामागे लपले नाहीत. एक दिवस मुसके बांधून ते वह्या घेऊन सहकाऱ्यांच्या घरी आले, दारातच खुर्ची मागून बसले आणि म्हणाले, “सर, पैसे तुमचेच आहेत. पण ते आता आमच्या नव्या लॉनच्या फरशीत आहेत. फरशी उखडून देता येत नाही.” वहीत अशी अठ्ठावीस घरे होती. वाढपी, सफाईवाल्या बायका, राखणदार यांचे पगार निम्म्यावर आले होते. शेवटी २०,००० रुपयांचे सहा चेक ठरले. सहावा वटला तो २०२१ च्या दसऱ्यानंतर. सहकारी म्हणतात, त्या माणसाविषयी मला आजही आदर आहे. मलाही आहे. परंतु अठ्ठावीस घरांपैकी प्रत्येकाला सहा चेक मिळाले की नाही, हे ज्याच्या त्याच्या भिडेवर आणि पाठपुराव्यावर अवलंबून राहिले असणार, हा विचार काही मनातून जात नाही.

कायदा याबद्दल काय म्हणतो? मी कायद्याचा माणूस नव्हे, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने, जो आता वकिली करतो, तीन निकाल माझ्यापुढे आणून ठेवले आणि म्हणाला, “सर, तुमचे तीन शब्द न्यायालयानेही वेगळे केले आहेत.” ते वाचून मला फार आनंद झाला. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे फतेह चंद यांचा दावा आला. दिल्लीतल्या एका मालमत्तेचा सौदा १,१२,५०० रुपयांना ठरला होता. १,००० विसार, आणि नंतर किमतीपोटी २४,०००. सौदा फिसकटला. न्यायालयाने विसाराचे १,००० विक्रेत्याकडे राहू दिले, पण किमतीपोटी आलेले २४,००० केवळ करारात लिहिले आहे म्हणून गिळता येणार नाहीत असे सांगितले. १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम वाजवी भरपाई देते, दंड देत नाही. १९६९ साली मौला बक्ष यांच्या दाव्यात लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी पुरवण्याच्या कंत्राटाची अनामत होती. ती विसार नव्हे, आणि नुकसान दाखवल्याशिवाय ती जप्त करता येत नाही, असे ठरले.

तिसरा निकाल २०१५ चा, आणि कार्यालयवाल्यांनी तो फ्रेम करून लावावा असा. दिल्लीच्या विकास प्राधिकरणाने भिकाजी कामा प्लेस येथील एक भूखंड १९८२ साली लिलावात काढला. कैलाशनाथ असोसिएट्सची बोली ३ कोटी १२ लाखांची. चौथा हिस्सा, ७८ लाख, विसार म्हणून भरला. पुढे वाद होऊन प्राधिकरणाने तो जप्त केला, आणि तोच भूखंड १९९४ साली ११ कोटी ७८ लाखांना विकला. न्यायालयाने विचारले, तुमचे नुकसान कुठे झाले? ७८ लाख ९ टक्के व्याजासह परत करायला लावले. आता हीच गोष्ट मांडवात आणून पाहा. एका घराने सहा महिने आधी तारीख सोडली, मालकांनी ती महिन्याभरात दुसऱ्याला त्याच भावाने दिली, आणि पहिल्याचे पैसेही ठेवून घेतले. एका तारखेचे दोनदा भाडे मिळाले. नुकसान कुठे आहे? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानेही अवाजवी मोठी अनामत मागणे आणि नुकसानाच्या मानाने अतोनात दंड लावणे यांची गणना अनुचित करारात केली आहे. पावतीवर छापले की ते शास्त्र झाले, असे नाही. घरचा वाद घरात मिटला नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

मात्र मालकांची बाजूही खरी आहे आणि ती सांगितली पाहिजे. तारीख हा मेथीच्या जुडीपेक्षा नाशवंत माल आहे. जुडी निदान दुसऱ्या दिवशी निम्म्या भावाने जाते. वैशाखातली रिकामी गेलेली संध्याकाळ कोणी आषाढात विकत घेत नाही. त्यातून पंचांगाची मर्जी. २०२६ सालचेच घ्या. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे ऐन मोसमातला एक महिना मुहूर्तांवाचून. वीज, राखणदार, बागेचे पाणी यांना अधिक महिना माहीत नसतो. पंधरा दिवस आधी कोणी लग्न रद्द केले आणि सगळे पैसे परत मागितले, तर मालकाने खुशाल नाही म्हणावे. प्रश्न आहे तो किती, केव्हा आणि कोणत्या नावाने, एवढाच.

हे सारे नीट करता येते, आणि करणारे आहेत. मध्यंतरी भाचीच्या लग्नासाठी एका कार्यालयात जाणे झाले. जुने कार्यालय, आता दोन दालने आणि एक लॉन. गल्ल्यावर थोरल्या मालकांच्या सूनबाई बसल्या होत्या. त्यांनी तीन पावतीपुस्तके पुढे ठेवली : पांढरे विसाराचे, पिवळे आगाऊ रकमेचे, गुलाबी अनामतीचे. मला तर त्यांना नमस्कारच करावासा वाटला.

“मामंजींच्या वेळी एकच पुस्तक होतं,” त्या म्हणाल्या. “त्यांना सगळं तोंडपाठ असायचं. मला नाही राहत, म्हणून रंग केले.”

“आणि पैसे? तेही तीन पेट्यांत?”

“बँकेत दोन खाती. लग्नाआधी आलेलं सगळं एका खात्यात. लग्न लागलं की दुसऱ्या दिवशी त्यातून भाडं आमच्या खात्यात घ्यायचं. लग्न लागल्यावर पैसे आमचे. तोवर ते पाहुणे.”

“मग हे दुसरं दालन कशातून बांधलं?”

“कर्ज काढलं, सर. व्याज जातं, पण झोप लागते.”

त्यांची अटींची चिठ्ठी सबंध दहा ओळींची होती आणि तीही पावतीच्या पुढच्या बाजूला. भाड्याचा दहावा हिस्सा विसार. सहा महिने आधी रद्द केले तर विसार सोडून सगळे परत. तीन महिने आधी, तर आगाऊ रकमेतले निम्मे. त्याहून उशीर झाला तर तारीख दुसऱ्या कोणाला जाते का ते पाहायचे. गेली तर मधला तोटा कापून बाकीचे परत, आणि नाहीच गेली तर नाही. सरकारी आदेशाने किंवा घरातल्या मृत्यूने कार्य होऊ शकले नाही तर वेगळी ओळ : तारीख बदलून घ्या, नको असेल तर पैसे तीस दिवसांत. आणि शेवटची ओळ वाचून मी चष्मा पुसला. कार्यालयाच्या चुकीने तारीख देता आली नाही, तर भरलेले सर्व पैसे आणि वर विसाराइतकी रक्कम. म्हणजे विसार दुप्पट! याज्ञवल्क्य स्मृती वाचली आहे का, असे मी विचारले. “नाही हो,” त्या म्हणाल्या, “एकदा एका मुलीच्या आईला मी तोंड दाखवू शकले नव्हते, तेव्हापासून आहे ती ओळ.”

पेन्सिल त्यांनीही ठेवली आहे, फक्त ती संगणकावर असते. तीन दिवस तारीख धरून ठेवतात, पैसे न आल्यास ती आपोआप मोकळी होते. चौघे व्यवस्थापक एकाच वेळी एकच पान पाहतात. आणि गल्ल्यासमोर यूपीआयचा चौकोन चौकटीत लावला आहे, त्याखाली कार्यालयाचे नाव मोठ्या अक्षरांत. व्यवस्थापकाच्या स्वतःच्या मोबाईलवर पैसे पाठवू नयेत, असे तिथे लिहिलेच आहे. वाचकांनीही हे ध्यानात ठेवावे. ‘साहेब, माझ्या नंबरवर टाका, मी आत भरतो’ असे म्हणणारा माणूस प्रामाणिक असेल. पण तो नोकरी सोडून गेला की तुमची पावती त्याच्याबरोबर जाते.

कराची गोष्ट थोडक्यात. २०१७ पासूनच्या वस्तू व सेवा कराने हाच भेद मानला आहे : आगाऊ रक्कम भाड्यापोटी घेतली की तिच्यावर कर तेव्हाच, अनामतीवर नाही, जोवर ती भाड्यात किंवा भरपाईत वळती होत नाही. तेव्हा अनामतीच्या आकड्यावर कर लावलेला दिसला तर विचारावे. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून एका समारंभासाठी एका व्यक्तीकडून दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेता येत नाही. तुकडे करून घेतले तरी समारंभ एकच धरतात, आणि दंड घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा बसतो. म्हणून ‘निम्मे रोखीने द्या, कर वाचेल’ असे कोणी कानात सांगितले, तर त्यात वाचतो तो कर नव्हे, पुरावा. काही ठिकाणी भाड्याचा एक हिस्सा ‘देणगी’ म्हणून घेतात. देणगी परत मागता येत नाही, हे ती देतानाच समजून असावे.

राहिली अनामत. तिची भांडणे रकमेने लहान पण कडू असतात, कारण ती मुलगी सासरी गेल्यानंतर, म्हणजे घर रिकामे आणि अंगात कणकण असताना होतात. जेवणाची ताटे किती फुटली, विजेचे युनिट किती पडले, जनरेटर किती तास चालला, दालन चारला सोडायचे ते पावणेसहाला का सोडले. यांतले एकही भांडण नंतर सुटत नाही; ती सगळी आधी सुटतात. विजेच्या मीटरचा आकडा किल्ली घेतानाच लिहून, शक्यतर मोबाईलवर त्याचे छायाचित्र काढून ठेवावे. ताटे, वाट्या, पातेली मोजून घ्यावी आणि मोजूनच द्यावी, दोन्ही वेळा दोन्हीकडच्या सह्यांनिशी. कापलेल्या प्रत्येक रुपयाचे कारण लिहून मागावे आणि उरलेली रक्कम कोणत्या तारखेपर्यंत येईल ती तारीख गुलाबी पावतीवर लिहून घ्यावी. सूनबाईंच्या कार्यालयात ती सात दिवसांची असते. हे काम वधूपित्याकडे देऊ नये. त्यांचे त्या दिवशी कशातच लक्ष नसते. ते मुलीच्या मामाकडे द्यावे. अंतरपाट दूर झाला की मामाला तसेही फारसे काम उरत नाही, आणि तो मीटरजवळ उभा राहिला तर पंगतीत आग्रह करकरून लोकांची ताटे वाया घालवणारा एक माणूस तरी कमी होतो.